ट्रान्सपोर्टर अडचणीत आलाय, हे आधी कसं ओळखायचं?

ट्रान्सपोर्टर बंद पडतो तेव्हा तुमचा माल बहुधा त्याच्या गाडीत नसतोच. तो असतो एखाद्या मार्केट गाडीत. त्या गाडीचा मालक तिसराच असतो आणि त्याला भाड्याचा बॅलन्स, म्हणजे अॅडव्हान्स वजा जाता उरलेली रक्कम, मिळालेला नसतो. तो ढाब्यावर गाडी उभी करतो आणि सांगतो, आधी माझे पैसे, मग तुमचा माल. तुम्ही ट्रान्सपोर्टरला फोन लावता, तर फोन बंद. चाकण, सातपूर किंवा गोकुळ शिरगाव, कुठल्याही डिस्पॅच विभागात विचारा, असा एखादा किस्सा निघतोच.

समुद्रावरही हेच घडलं होतं. दक्षिण कोरियाच्या हानजिन शिपिंगने ३१ ऑगस्ट २०१६ रोजी न्यायालयाकडे संरक्षण मागितलं. आपली फी बुडेल या भीतीने अनेक बंदरांनी तिची जहाजं आत घेतली नाहीत आणि सुमारे १४ अब्ज डॉलरचा माल समुद्रात अडकला. माल तुमचा, थकबाकी दुसऱ्याची, आणि मधल्या माणसाच्या हातात माल अडवण्याची ताकद. ट्रक असो की जहाज, धोका हाच.

हा लेख महिन्याला पाच-पंचवीस गाड्या पाठवणाऱ्या कारखानदारांसाठी, व्यापाऱ्यांसाठी आणि त्यांच्या डिस्पॅच सांभाळणाऱ्यांसाठी आहे. पैसा कमी पडला की ट्रान्सपोर्टर सगळ्यांचे पैसे एकदम थांबवत नाही. साधारण एक क्रम असतो. आधी मार्केट गाडीवाल्यांचा बॅलन्स लांबतो, कारण ते विखुरलेले असतात. मग टायरवाला आणि गॅरेज. मग डिझेल पंपाची उधारी. त्यानंतर पीएफ, जीएसटी, विमा, पासिंग (गाडीचं फिटनेस प्रमाणपत्र). गाडीचा हप्ता सगळ्यात शेवटी चुकतो. हप्ता थकला की फायनान्सवाले गाडी ओढून नेतात आणि गाडी गेली की धंदाच संपला.

ताळेबंदात हे सगळं फार उशिरा दिसतं. कंपनीचा मार्चअखेरचा हिशेब कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर चढतो ऑक्टोबरच्या आसपास. म्हणजे एप्रिलमध्ये सुरू झालेली ओढाताण तुम्हाला पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात कळणार, दीड वर्षाने. म्हणून तपासणीही पैसा ज्या क्रमाने अडतो त्या क्रमाने करावी. बँका उलट्या टोकाने सुरू करतात. त्यांच्याकडे गाडी तारण असते, तुमच्याकडे नसते.

पायरी १: समोर नक्की कोण आहे?

ट्रान्सपोर्टर म्हणवणाऱ्यांत तीन जाती असतात. स्वतःच्या गाड्या चालवणारा, थोड्या स्वतःच्या आणि बाकी मार्केटच्या लावणारा, आणि एकही गाडी नसलेला दलाल. तिघेही चांगले असू शकतात, पण बुडण्याची पद्धत वेगळी असते. स्वतःच्या गाड्यांवाला हप्त्यांनी हळूहळू दबतो आणि वर्षभर आधी लक्षणं दाखवतो. दलालाकडे विकायला काहीच नसतं. तो एका महिन्यात गायब होऊ शकतो.

व्हिजिटिंग कार्डावर ‘५० गाड्यांचा ताफा’ लिहिलेलं असतं. ते पडताळायचा सोपा मार्ग तुमच्या अकाउंट्स विभागातच पडलेला आहे. वर्षभरात कधीही दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसलेल्या वाहतूकदाराने पॅनसह तसं घोषणापत्र दिलं तर त्याच्या भाड्यावर टीडीएस कापला जात नाही. १९४सी म्हणून सगळे ओळखतात ती तरतूद. कार्डावर पन्नास आणि घोषणापत्रात दहाच्या आत, असं असेल तर दोन्हींपैकी एक खोटं आहे. कोणतं, हे त्यालाच समोर बसवून विचारा. उत्तर कसं येतं यावरून बरंच कळतं.

दुसरी गोष्ट, कॅरेज बाय रोड कायदा, २००७ खालची नोंदणी. सामायिक वाहक, म्हणजे कोणाचाही माल भाड्याने नेणारा, म्हणून धंदा करणाऱ्याला ती लागते आणि १० वर्षं चालते. या कायद्याच्या व्याख्येत बुकिंग कंपनी, एजंट आणि दलालही येतात. त्यामुळे ‘आम्ही फक्त गाडी लावून देतो, जबाबदारी गाडीवाल्याची’ हे वाक्य ऐकून घ्यायचं कारण नाही. नोंदणीची प्रत मागा. ज्याच्याकडे ती नसते तो विषय बदलतो.

पायरी २: स्वतःचं डिस्पॅच रजिस्टर वाचा

जुन्या ट्रान्सपोर्टरच्या बाबतीत सगळ्यात लवकरचा आणि फुकटचा पुरावा तुमच्याच रजिस्टरात असतो. तो कोणी वाचत नाही, कारण रजिस्टर गेटवर असतं आणि निर्णय वरच्या मजल्यावर होतात. कागदी वही असेल तर निदान मागच्या एका वर्षाचं एक्सेलमध्ये चढवा. लागणारे रकाने: बुकिंगची तारीख, गाडी कबूल केलेली वेळ, गाडी प्रत्यक्ष लागली ती वेळ, गाडी नंबर, मार्ग, भाडं, अॅडव्हान्स किती व कधी दिला, माल पोहोचला ती तारीख, पोच (माल मिळाल्याची गिऱ्हाइकाच्या सहीची पावती) हातात आली ती तारीख.

पहिला आकडा गाडी लागण्याचा. कबूल केलेल्या दर शंभर गाड्यांपैकी किती वेळेत लागल्या? ज्याने मार्केटमध्ये बॅलन्स थकवले आहेत त्याला गाडीवाले नकार देऊ लागतात. मग तो तुम्हाला सकाळी हो म्हणतो, दुपारी ‘गाडी पंक्चर आहे’ सांगतो आणि संध्याकाळी फोन उचलत नाही. पण हा आकडा नुसता बघून उपयोग नाही. उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की पश्चिम महाराष्ट्रात गाड्या कमी पडतात, द्राक्षांच्या दिवसांत नाशिककडे तेच, दिवाळीला ड्रायव्हर गावी जातात, मार्चअखेरीला सगळ्यांनाच गाडी हवी असते. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला हिट अँड रनच्या नव्या तरतुदीवरून ड्रायव्हरांनी काम थांबवलं तेव्हा चांगल्यातल्या चांगल्या ट्रान्सपोर्टरचा आकडा कोसळला. म्हणून तुलना दोनच गोष्टींशी करा: त्याच मार्गावरचे तुमचे बाकीचे ट्रान्सपोर्टर आणि मागच्या वर्षीचा तोच महिना. सगळेच घसरले असतील तर बाजाराची अडचण आहे. एकटाच घसरला असेल तर त्याची.

दुसरा, अॅडव्हान्स. किती टक्के मागतो यापेक्षा मागणी कशी बदलली ते पाहा. गाडी लोड झाल्यावर मागणारा आता गाडी लागायच्या आधी मागतो का? शुक्रवारी दुपारीच फोन येतो का? चालू गाडीचा अॅडव्हान्स मागताना कारण मागच्या गाडीचं सांगतो का? हे शेवटचं मी सर्वांत वाईट लक्षण मानतो. तुमचा आजचा पैसा कालच्या देण्यात जातोय, असाच त्याचा अर्थ.

याच्याच शेजारी लवकर पैसे देण्यासाठी सूट. ६० दिवसांनी येणारं बिल आज मिळावं म्हणून २ टक्के सोडणारा माणूस वर्षाला साधारण १२ टक्क्यांनी पैसा उचलतोय. ते ठीक आहे, बँकही जवळपास तेवढंच घेते. पण ४५ दिवसांसाठी ३ टक्के म्हणजे वर्षाला २४ टक्क्यांच्या वर. बँकेचं दार बंद झाल्याशिवाय कोणी या भावाने पैसा उचलत नाही.

तिसरी, पोच. इथे नवख्या माणसाची गल्लत होते. वाटतं की पोच उशिरा आली तर वाईट आणि लवकर आली तर चांगलं. मार्केट गाडीवाल्याला बॅलन्स मिळतो तो पोच जमा केल्यावर. बॅलन्स मिळणार नाही असं दिसलं की तो पोचच दाबून ठेवतो. म्हणून पोच लांबणं हे मार्केट गाड्या थकल्याचं लक्षण. उलट स्वतःच्या गाड्या असलेल्याला रोख हवी असेल तर तो पोच घेऊन धावत येतो, माणूस पाठवतो, त्याच दिवशी बिल लावतो. पूर्वी १५ दिवस लागायचे आणि आता अचानक ४, हीसुद्धा बातमीच आहे. नेहमीची चाल कोणत्या बाजूला मोडली, तेवढं पाहायचं.

चौथी, वाटेत गाडी बदलणं. ई-वे बिलाच्या, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाच्या, भाग ‘ब’ मध्ये गाडी नंबर बदलला की नोंद राहते. एखादी गाडी खरंच बिघडते, पण एकाच ट्रान्सपोर्टरच्या गाड्या वारंवार त्याच गावाजवळ बिघडत असतील तर तिथे कोणीतरी माल अडवतंय किंवा एका गाडीचा माल दुसरीत भरून भाडं वाचवलं जातंय. ई-वे बिलाची मुदत साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस. मुदतवाढ किती वेळा घ्यावी लागली तेही मोजा.

पाचवी गोष्ट रजिस्टरात नसते, गेटवर असते. ड्रायव्हर तुमच्या माणसाकडे डिझेलसाठी पैसे मागतो का? वराई-हमाली कोण देणार यावरून रोज भांडण होतं का? मागच्या फेरीची खर्ची मिळाली नाही असं म्हणतो का? अमेरिकेत सेलाडॉन नावाच्या मोठ्या ट्रकिंग कंपनीने ९ डिसेंबर २०१९ ला दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा बऱ्याच ड्रायव्हरांना कंपनी गेल्याचं कळलं ते पंपावर डिझेल कार्ड चालेना तेव्हा. आपल्याकडे कार्डाच्या आधी पंपवाल्याची उधारीची वही बंद होते, आणि ड्रायव्हरला ते मालकाच्या आधी कळतं. गेटवरच्या माणसाला सांगून ठेवा की असं काही कानावर आलं तर तारखेसह लिहायचं.

मात्र हे ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. ट्रान्सपोर्ट लाइन उधारीवर आणि शब्दावर चालते. ‘तो अडचणीत आहे’ एवढं एक वाक्य ट्रान्सपोर्ट नगरीत फिरलं की पंपवाला उधारी बंद करतो, गाडीवाले पूर्ण भाडं आधी मागतात आणि धडधाकट माणूसही महिनाभरात खरंच अडचणीत येतो. मग त्यात तुमचाही माल अडकतो.

या पाचांना गुण द्या. माझ्या मते साधी विभागणी पुरते: अॅडव्हान्सची चाल बदलली तर ३, वाटेत माल अडला तर ३, गाडी लागण्याचं प्रमाण इतरांच्या तुलनेत घसरलं तर २, पोचेची चाल मोडली तर २, गेटवरच्या तक्रारींना १. महिन्याला बेरीज करा. एका महिन्यात ४ आले तर पुढच्या पायऱ्या लगेच करा, दोन महिने सलग ६ आले तर नवीन बुकिंग अर्ध्यावर आणा. हे आकडे कुठल्या शास्त्रातून आलेले नाहीत. तुमच्या अनुभवाप्रमाणे बदला. पण दर महिन्याला त्याच मापाने मोजा. नाहीतर आवडत्या ट्रान्सपोर्टरला माप सैल होतं.

पायरी ३: गाड्यांचे नंबर घेऊन बसा

नवा ट्रान्सपोर्टर असेल तर रजिस्टर नसतं, तेव्हा इथून सुरुवात करा. त्याच्याकडून त्याच्या स्वतःच्या गाड्यांची यादी घ्या. जुना असेल तर गेल्या तीन महिन्यांच्या ई-वे बिलांतून नंबर काढा. एम-परिवहन अॅपवर किंवा वाहनच्या पोर्टलवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, पासिंगची मुदत, विमा, पीयूसी आणि बऱ्याचदा फायनान्स कोणाचा आहे ते दिसतं. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, तरी त्याच्या फर्मचं आहे की नाही याचा अंदाज येतो.

पाहायचं काय? एखाद्या गाडीचा विमा संपलेला असणं ही निष्काळजी असू शकते, आणि विम्याची नोंद कधीकधी उशिरा चढते, म्हणून पॉलिसीची प्रत मागून खात्री करा. पण ताफ्यातल्या चार-पाच गाड्यांचा विमा एकाच तिमाहीत लांबला असेल तर तो पैशाचा प्रश्न आहे. ४० टनांवरच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दरपत्रकानुसार ४४ हजारांच्या वर जातो. दहा गाड्यांचे साडेचार लाख एकदम काढणं ओढाताणीत जमत नाही. विमा नसलेल्या गाडीने अपघात केला की गाडी पोलीस ठाण्यात आणि तुमचा माल तिच्यात.

पासिंगचंही तसंच. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग लागतं. गाड्या जुन्या होत चालल्यात, नवीन एकही नाही, आणि तरी फेऱ्या वाढल्यात, असा ताफा दिसला तर मालक गाड्या झिजवून रोख काढतोय. उलटही धोका असतो: दोन वर्षांत ताफा दुप्पट, सगळा हप्त्यांवर, आणि मोठं गिऱ्हाईक एकच. ई-चलनही तपासा. ओव्हरलोडचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार आहे. तरीही वारंवार ओव्हरलोड पकडला जातो तो माणूस परवडत नसलेल्या भाड्यावर काम करतोय.

पायरी ४: सरकारी नोंदी

जीएसटीच्या पोर्टलवर जीएसटीआयएन टाकून नोंदणी चालू आहे की निलंबित, आणि विवरणपत्रं कोणत्या तारखेला भरली ते कोणालाही बघता येतं. पण सावध, फक्त रिव्हर्स चार्जवर (कर ट्रान्सपोर्टरऐवजी गिऱ्हाईक भरतं) काम करणाऱ्या बऱ्याच छोट्या ट्रान्सपोर्टरांना जीएसटी नोंदणीच लागत नाही. त्यांच्याकडे ई-वे बिलासाठीचा ट्रान्सपोर्टर आयडी असतो. नोंदणी नाही म्हणून त्यांना बाद करू नका. जो फॉरवर्ड चार्जने कर लावून बिल देतो त्याची मात्र दरमहा परीक्षा आपोआप होते. त्याचं बिल १४ तारखेला तुमच्या २बी मध्ये (तुम्हाला मिळणाऱ्या कर-क्रेडिटच्या यादीत) आलं नाही, तर त्याने जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरणपत्र वेळेत भरलेलं नाही किंवा तुमचं बिल त्यात दाखवलेलं नाही. एक महिना चूक समजा. दुसऱ्या महिन्यापासून तुमच्याकडून घेतलेला कर त्याने डिझेलमध्ये घातलाय असं धरून चाला, आणि तुमचं क्रेडिटही गेलं.

फारसं कोणाला माहीत नसलेली जागा म्हणजे ईपीएफओचा आस्थापना शोध. तिथे आस्थापनेचं नाव टाकल्यावर महिन्यागणिक किती पीएफ भरला, कधी भरला आणि किती कामगारांसाठी भरला हे दिसतं. कामगारांची संख्या ६० वरून ३५ वर आली किंवा तीन महिने भरणाच नाही, ही माहिती त्याचा अकाउंटंट तुम्हाला कधीच देणार नाही. अमेरिकेतल्या यलो या ट्रकिंग कंपनीची शेवटची ठळक खूण हीच होती. जुलै २०२३ मध्ये तिने कामगारांच्या पेन्शन-आरोग्य निधीचे ५ कोटी डॉलरहून जास्त हप्ते चुकवले, ३० जुलैला काम थांबवलं आणि ६ ऑगस्टला दिवाळखोरीचा अर्ज केला. सुमारे ३० हजार माणसं बेकार झाली. ज्या गिऱ्हाइकांनी हप्ता चुकल्याची बातमी वाचून माल दुसरीकडे वळवला, त्यांना साधारण दोन आठवडे मिळाले.

ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने शोधा. ट्रान्सपोर्टरवर अपघाताचे दावे असतातच, त्यांनी घाबरू नका. बघायचे ते चेक न वटल्याचे, म्हणजे कलम १३८ चे खटले, आणि तेही गेल्या दीड-दोन वर्षांतले. पंपवाला किंवा टायरवाला कोर्टात गेला असेल तर त्याआधी बरेच महिने गेलेत. कंपनी किंवा एलएलपी असेल तर दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावर जाहीर सूचना पाहा. पण १ कोटीच्या आतल्या थकबाकीवर दिवाळखोरी न्यायाधिकरणात अर्ज करता येत नाही आणि प्रोप्रायटरी फर्म त्या प्रक्रियेत येतच नाही, म्हणून तिथे काही सापडलं नाही यावर निर्धास्त होऊ नका.

पायरी ५: ताळेबंद मिळाला तर

प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडी फी भरून ताळेबंद मिळतो. नफ्याचा आकडा सोडा आणि थेट ऑडिटरच्या अहवालाचं जोडपत्र उघडा. केअरो २०२० या, ऑडिटरच्या अहवालात काय लिहायचं ते ठरवणाऱ्या सरकारी आदेशानुसार ऑडिटरला तीन गोष्टी लिहाव्याच लागतात: सहा महिन्यांहून जास्त थकलेली सरकारी देणी, कर्जफेडीतली कसूर, आणि वर्षभरातली देणी फेडण्याबद्दल शंका आहे का. मात्र कायद्याच्या व्याख्येत ‘स्मॉल कंपनी’ ठरणाऱ्या खासगी कंपनीला हे लागू नसतं. दोन पानांत जे कळतं ते चाळीस पानांच्या हिशेबात सापडत नाही.

नंतर चार्जेसची, म्हणजे कंपनीने कोणाकडे काय गहाण ठेवलंय त्याची यादी. बँकेचं कर्ज फिटून त्या जागी एनबीएफसीचं (बँक नसलेल्या वित्तसंस्थेचं) आलंय का? येणी म्हणजे बुक डेट्स कोणाकडे गहाण आहेत? मध्यम आकाराच्या बऱ्याच वाहतूकदारांचं पतमानांकन क्रिसिल, इक्रा, केअर, अॅक्युइट या संस्थांपैकी कोणीतरी केलेलं असतं आणि त्यामागची कारणमीमांसा फुकट वाचता येते. मानांकनासमोर ‘इश्युअर नॉट कोऑपरेटिंग’ असा शेरा दिसला तर कंपनीने माहिती देणं थांबवलंय. फी वाचवण्यासाठीही असं करतात, पण माझ्या लेखी तो इशाराच.

आकड्यांची आवड असेल तर कंपनी बुडण्याचा धोका मोजणाऱ्या एडवर्ड ऑल्टमन यांच्या झेड स्कोअरची उत्पादन न करणाऱ्या कंपन्यांसाठीची आवृत्ती वापरून बघा. खेळतं भांडवल भागिले एकूण मालमत्ता, गुणिले ६.५६, साठवलेला नफा भागिले मालमत्ता, गुणिले ३.२६, व्याज-करापूर्वीचा नफा भागिले मालमत्ता, गुणिले ६.७२, आणि भागधारकांचा निधी भागिले एकूण देणी, गुणिले १.०५. बेरीज २.६ च्या वर असली तर बरं, १.१ च्या खाली असली तर धोका.

समजा मालमत्ता २० कोटी, खेळतं भांडवल १ कोटी, साठलेला नफा ३ कोटी, व्याज-करापूर्वीचा नफा १.२ कोटी, निधी ४ कोटी आणि देणी १६ कोटी. बेरीज येते सुमारे १.४८, म्हणजे मधला पट्टा. आता या कंपनीने २ कोटींचे ट्रकचे हप्ते ओव्हरड्राफ्टमधून भरले असं धरा. एकूण कर्ज तेवढंच राहिलं, नफा तोच, पण खेळतं भांडवल उणे १ कोटी झालं. बेरीज ०.८३. दीर्घ मुदतीचं कर्ज अल्प मुदतीच्या पैशाने फेडणं हा या धंद्यातला नेहमीचा आजार आहे आणि हे सूत्र तो बरोबर पकडतं. मार्केट गाड्यांवर चालणाऱ्या कंपनीला मात्र ते नीट लागू पडत नाही, कारण तिच्या मालमत्तेत ट्रकच नसतात.

पायरी ६: दर खूपच कमी आहे का?

स्वस्त भाडं मिळालं की खरेदी विभाग खूश होतो. आधी तळाचा खर्च काढा. समजा मार्ग ८०० किलोमीटरचा, गाडी लिटरला ४ किलोमीटर देते आणि डिझेल ९० रुपये: नुसतं डिझेल १८ हजार. त्यात टोल, ड्रायव्हरची खर्ची, टायर, विमा आणि हप्त्याचा त्या फेरीपुरता वाटा मिळवा. परतीचं भाडं मिळणार असेल तर थोडं कमी धरा. याच्या खाली दर देणाऱ्याकडे एक तर परतीचा पक्का माल आहे (कुठला, ते विचारा), किंवा तो हप्ता आणि टायर हिशेबात धरत नाही, किंवा त्याला फक्त तुमचा अॅडव्हान्स हवा आहे. तिसऱ्या प्रकारचा माणूस दराबद्दल घासाघीस करत नाही, अॅडव्हान्सबद्दल करतो.

पायरी ७: तुमच्या पैसे देण्याचा हिशेब

हा भाग कारखानदारांना आवडत नाही. एका ट्रान्सपोर्टरचं महिन्याचं बिलिंग ५० लाख आहे आणि डिझेल, टोल, मार्केट गाड्यांचं भाडं मिळून ४२ लाख त्याला लगेच काढावे लागतात असं समजा. पोच येऊन बिल लागायला १५ दिवस आणि पुढे तुमची ६० दिवसांची मुदत. म्हणजे अडीच महिन्यांचा खर्च, १ कोटी ५ लाख, कायमचा अडकलेला. मुदत तुम्ही ९० दिवस केली की हा आकडा १ कोटी ४७ लाख होतो. वरचे ४२ लाख त्याने आणायचे कुठून? बिलिंगवर ३ टक्के सुटत असतील तर महिन्याला दीड लाख. म्हणजे ४२ लाख हा त्याचा २८ महिन्यांचा नफा झाला. चांगले ट्रान्सपोर्टर असेच आजारी पडतात आणि मग आपण त्यांच्या अॅडव्हान्स मागण्याला नावं ठेवतो.

तो उद्यम या लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंदलेला असेल तर कायदाही आड येतो: लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. त्यापुढे थकलेल्या देण्याची वजावट २०२३-२४ पासून पैसे दिल्याशिवाय प्राप्तिकरात मिळत नाही. ट्रान्सपोर्टरचा उद्यम क्रमांक मागून खात्यावर लिहून ठेवा.

पायरी ८: गुण वाढले तर काय करायचं?

करार करतानाच तीन कलमं घाला. मार्केट गाडी लावली तर तिच्या मालकाचा नंबर बुकिंगच्या वेळीच द्यायचा. माल अडला तर गाडीमालकाला आम्ही थेट पैसे देऊ आणि ते बिलातून वळते करू. आणि एका मार्गावर कोणालाही ठरावीक वाट्यापेक्षा जास्त माल मिळणार नाही. मी ४० टक्क्यांच्या वर जात नाही. दुसरं कलम नसताना थेट पैसे दिलेत तर तेच भाडं दोनदा भरायची वेळ येते.

लक्षणं पक्की झाली की आधी रस्त्यावरच्या गाड्यांची यादी करा: नंबर, मालक, ड्रायव्हर, आता कुठे आहे. नवे अॅडव्हान्स बंद करा, पण मुदत झालेली बिलं अडवू नका. ती अडवलीत तर त्याला ढकलणारे तुम्हीच. अडकलेल्या पोचा आधी गोळा करा, त्या नसतील तर तुमच्या गिऱ्हाइकाकडून तुम्हालाही पैसे मिळायचे नाहीत. माल त्याच्या गोदामात असेल तर उचला. तो दिवाळखोरी प्रक्रियेत गेला तरी त्याच्याकडे वाहतुकीसाठी दिलेला माल त्याची मालमत्ता ठरत नाही, मात्र तो तुमचाच आहे हे कागदाने दाखवावं लागतं. थकीत दाव्यांसाठी मात्र तुम्ही रांगेत मागे.

मालाचा विमा स्वतःचा हवाच. कॅरेज बाय रोड नियमांनुसार वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते, बुकिंगच्या वेळी जास्त किंमत जाहीर करून जादा जोखमीचा दर दिला नसेल तर. १८ लाखांचा माल ४० हजार भाड्याने पाठवलात तर त्याच्याकडून मिळून मिळून ४ लाख. नुकसान कळताच विमा कंपनीला कळवा आणि वाहकाला कॅरेज बाय रोड कायद्याच्या कलम १६ ची लेखी नोटीस द्या. तिची मुदत १८० दिवस आहे आणि ती मोजली जाते बुकिंगच्या तारखेपासून, नुकसान कळल्यापासून नाही. डिस्पॅचच्या एक्सेलमध्ये प्रत्येक एलआरसमोर (ट्रान्सपोर्टरच्या बुकिंग पावतीसमोर) ती शेवटची तारीख सूत्राने काढून ठेवा, आणि पोच न आलेल्या ओळी १२० व्या दिवशी लाल होतील असं करा. नोटीस लिहायला आणि पाठवायला दोन महिने हातात राहतात.